विश्लेषण : तळघरात तयार झालेला अल्बम पन्नाशीत… घरच्या स्टुडिओने संगीतकाराला नेमके काय दिले?

खोलीत बसून गाणे रेकॉर्ड करणे आणि त्याच रात्री ते जगभर पोहोचवणे आज कॉलेजातल्या मुलालाही जमते. पन्नास वर्षांपूर्वी मात्र घरी केलेले रेकॉर्डिंग म्हणजे फार तर ‘डेमो’, म्हणजेच कंपनीला ऐकवण्यापुरता कच्चा नमुना, असेच मानले जाई. अशा काळात अमेरिकेतील एका मेकॅनिकल इंजिनीअरने आपल्या इमारतीच्या तळघरात, भट्टीशेजारच्या अरुंद जागेत, एका अल्बमचा बहुतांश भाग तयार केला. ‘बॉस्टन’ या रॉक बँडचा त्याच नावाचा हा अल्बम २५ ऑगस्ट १९७६ रोजी प्रसिद्ध झाला. एकट्या अमेरिकेत त्याच्या विक्रीची नोंद १ कोटी ७० लाख प्रतींवर गेली आहे. त्या तळघरात कोणती वाद्ये आणि यंत्रे होती, त्यातली कोणती विकत आणलेली आणि कोणती घरी बनवलेली होती आणि या सगळ्याची किंमत कोणी मोजली, याचा हा आढावा.

टॉम शोल्झ कोण?

टॉम शोल्झ यांचा जन्म १९४७ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरात झाला. लहानपणी ते शास्त्रीय पियानो शिकले. गिटार हाती घेतली ती विशीत. त्याआधीच त्यांनी प्रख्यात ‘एमआयटी’ या संस्थेत प्रवेश मिळवला होता. तेथून त्यांनी मेकॅनिकल इंजिनीअरिंगची पदवी आणि मग पदव्युत्तर पदवी घेतली. त्यानंतर ते झटपट छायाचित्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या ‘पोलरॉइड’ कंपनीत उत्पादनांचे आरेखन करणारे अभियंता म्हणून रुजू झाले.

दिवसा नोकरी आणि संध्याकाळी तळघर, असा त्यांचा क्रम अनेक वर्षे चालला. पगारातून उरणारे पैसे रेकॉर्डिंगच्या यंत्रांवर खर्च होत. डेमो पाठवायचा, कंपन्यांनी तो नाकारायचा आणि यांनी पुन्हा नवा तयार करायचा, हेही तितकीच वर्षे सुरू होते. अल्बम बाजारात आला तेव्हाही त्यांनी नोकरी सोडलेली नव्हती.

तळघरात काय काय होते?

यादी आजच्या मानाने छोटी आहे. शोल्झ यांची मुख्य गिटार म्हणजे १९६८ ची सोनेरी रंगाची गिब्सन ‘लेस पॉल’. तिच्या जोडीला १०० वॉटचा मार्शल अ‍ॅम्प्लिफायर, यामाहाची बारा तारांची अकूस्टिक गिटार, बास गिटार, हॅमंड ऑर्गन आणि त्याचा फिरता ‘लेस्ली’ स्पीकर, ड्रम्सचा संच आणि या सगळ्याच्या मध्यभागी ‘स्कली’ कंपनीचा १२ ट्रॅकचा टेप रेकॉर्डर.

जागा इतकी कमी होती की ऑर्गन वाजवायचा असेल तर ड्रम्स मोडून बाजूला ठेवावे लागत. ड्रम्स पुन्हा हवे असले की ऑर्गन कोपऱ्यात ढकलायचा. तळघरात अधूनमधून पाणीही शिरत असे. एकाच वेळी संपूर्ण बँडने वाजवण्याचा प्रश्नच नव्हता. बास, लीड गिटार, ऱ्हिदम गिटार, ऑर्गन असे बहुतेक भाग शोल्झ यांनी एकट्याने, एकामागून एक वाजवले. म्हणजे ज्याला ‘बँडचा आवाज’ म्हणून लोकांनी डोक्यावर घेतले, तो मोठ्या प्रमाणात एका माणसाने थरांवर थर चढवून रचलेला होता. मात्र अल्बममागे ते एकटेच होते असे म्हणता येणार नाही. ब्रॅड डेल्प यांचा उंच पट्टीतला आवाज आणि सिब हॅशियन यांचे ड्रम्स नसते, तर तो इतका गाजला नसता.

एका यंत्रावर बारा वाद्ये कशी बसतात?

टेपवर चुंबकीय कणांचा थर असतो. बारा ट्रॅकच्या यंत्रात त्याच टेपवर शेजारी शेजारी बारा पट्टे असतात आणि प्रत्येकावर स्वतंत्र रेकॉर्डिंग करता येते. आधी ड्रम्स एका पट्ट्यावर घ्यायचे, ते हेडफोनवर ऐकत दुसऱ्यावर बास, मग तिसऱ्यावर गिटार, अशी ही पद्धत आहे.

बारा पट्टे ऐकायला खूप वाटतात, पण ते लवकर संपतात. ड्रम्सलाच दोन-तीन जातात. एकच गिटार दोनदा वाजवून एक डाव्या आणि एक उजव्या कानाला दिली की आवाज भरदार होतो, पण आणखी दोन पट्टे खर्ची पडतात. गायकाने स्वतःच स्वतःला साथ द्यायची म्हटले की हिशेब आणखी बिघडतो. मग भरलेले तीन-चार पट्टे एकत्र करून एकाच पट्ट्यावर उतरवायचे आणि जुने मोकळे करायचे. यात दोन धोके असतात. प्रत्येक वेळी टेपची खरखर वाढते आणि एकदा एकत्र झालेले आवाज पुन्हा वेगळे करता येत नाहीत. त्यामुळे ऑर्गन किती मोठा आणि गिटार किती लहान, हे आधीच ठरवावे लागते. आज संगणकावर ‘अनडू’ची कळ असते. त्या काळी चूक लक्षात आली की पुन्हा वाजवणे हा एकच उपाय होता.

मोठ्या आवाजाचे काय केले?

तळघरातली सर्वात मोठी अडचण मार्शल अ‍ॅम्पची होती. तो व्हॉल्व्हवर चालणारा अ‍ॅम्प आहे. आजोबांच्या काळचा, चालू केल्यावर तापायला वेळ घेणारा व्हॉल्व्हचा रेडिओ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे तंत्र अपरिचित नाही. रॉक गिटारचा जो जाडसर, किंचित फाटलेला आणि लांबत जाणारा सूर असतो, तो अ‍ॅम्पच्या क्षमतेपलीकडे सिग्नल ढकलल्यावर तयार होतो. व्हॉल्व्हला सिग्नलचे शेंडे पूर्ण उंचीने पेलत नाहीत. ते कापले जातात आणि मूळ सुरात नसलेले वरचे सूर त्यात मिसळतात. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या दृष्टीने हा बिघाड आहे. गिटारवादकाला मात्र नेमका तोच हवा असतो.

पण हा सूर मिळवायचा तर अ‍ॅम्प पूर्ण ताकदीने चालवावा लागतो. गिटारच्या स्पीकरला एक वॉट ताकद दिली तर एक मीटर अंतरावर साधारण ९७ ते १०० डेसिबल आवाज होतो. शंभर वॉट दिले की त्यात २० डेसिबलची भर पडते. तुलनेसाठी, भारतातील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री घरी परतून तळघरात हे वाजवणे म्हणजे शेजाऱ्यांशी रोज भांडण ओढवून घेणे.

शोल्झ यांनी यावर स्वतःच तोडगा काढला. अ‍ॅम्प आणि स्पीकर यांच्या मधे त्यांनी रोधकांचा एक डबा बसवला. अ‍ॅम्प पूर्ण ताकदीने चालतो, त्याला हवा तसा ताण बसतो, पण बाहेर पडणाऱ्या ताकदीचा बहुतेक भाग डब्यातल्या रोधकांत उष्णता होऊन जातो. स्पीकरपर्यंत थोडाच पोहोचतो. पुढे हाच डबा ‘पॉवर सोक’ या नावाने बाजारात आला.

ताकद कुठेतरी जायला हवी…

हा डबा म्हणजे फक्त आवाज कमी करण्याचे बटण नव्हे. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना होस्टेलवर आम्ही हे चुकीच्या मार्गाने शिकलो. एका मित्राच्या काकांचा मंडप आणि लाउडस्पीकरचा व्यवसाय होता. त्यांच्याकडचा अडगळीत पडलेला जुना व्हॉल्व्ह अ‍ॅम्प आम्ही गिटारसाठी मागून आणला. रात्री आवाज नको म्हणून स्पीकरची वायर काढून टाकली आणि हेडफोन जोडण्याचा खटाटोप करत बसलो. काही मिनिटांतच जळका वास सुटला. आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेला होता. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पला स्पीकर किंवा तितक्याच ओहमचा दुसरा भार जोडलेला नसेल, तर ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज नको तितके चढते, हे पुस्तकात वाचलेले होते. पण त्याचा संबंध समोरच्या डब्याशी लावला नव्हता. अ‍ॅम्प परत करायला गेलो तेव्हा काका रागावले नाहीत. ‘ताकद कुठंतरी जायला नको का रे?’ एवढेच म्हणाले. ‘पॉवर सोक’चे तत्त्व याहून सोप्या शब्दांत सांगता येणार नाही.

या उपायाला मर्यादाही आहे. कानाचे गणित सरळ चालत नाही. ताकद दहापट कमी केली तर आवाज साधारण निम्मा झाल्यासारखा वाटतो. शंभर वॉटचा एक वॉट केला तरी खोलीत ९७-१०० डेसिबल उरतातच. शेजारी खरोखर शांत झोपायला हवे असतील, तर स्पीकरच वगळावा लागतो. शोल्झ यांचे पुढचे उपकरण त्याच दिशेने गेले.

रेकॉर्ड कंपनीपासून काय लपवले?

अखेर ‘एपिक’ या कंपनीने शोल्झ आणि डेल्प यांच्याशी करार केला. पण एक अट होती. डेमोतली गाणी व्यावसायिक स्टुडिओत, निर्मात्याच्या देखरेखीखाली नव्याने रेकॉर्ड करायची. शोल्झ यांना ते मान्य नव्हते. जो सूर सापडायला वर्षे लागली, तो ताशी भाडे मोजून घेतलेल्या अनोळखी स्टुडिओत पुन्हा सापडेल याची त्यांना खात्री नव्हती.

निर्माते जॉन बॉयलन यांनी मग एक युक्ती केली. बँडच्या इतर सदस्यांना घेऊन ते लॉस एंजेलिसला गेले आणि तेथील स्टुडिओत ‘लेट मी टेक यू होम टुनाइट’ हे गाणे रेकॉर्ड करू लागले. कंपनीच्या दृष्टीने अल्बमचे काम रीतसर सुरू होते. तिकडे हजारो किलोमीटरवरच्या मॅसॅच्युसेट्समधील वॉटरटाऊन गावात शोल्झ आपल्या तळघरात उरलेल्या अल्बमचे वाद्यसंगीत रेकॉर्ड करत होते. काम झाल्यावर फिरत्या स्टुडिओचा ट्रक दाराशी आणण्यात आला. तळघराच्या खिडकीतून केबल आत सोडली आणि बारा ट्रॅकवरचे सगळे काम २४ ट्रॅकच्या टेपवर उतरवून घेतले. गायन आणि अंतिम मिश्रण मात्र लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत झाले.

अल्बम अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’च्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचला. ‘मोअर दॅन अ फीलिंग’ हे गाणे पहिल्या पाचांत गेले. कोणत्या गाण्यातली गिटार भट्टीशेजारी वाजली होती आणि कोणत्या गाण्यातली महागड्या स्टुडिओत, हे श्रोत्यांना ओळखता आले नाही. कंपनीची अट ज्या गृहीतकावर उभी होती, तेच त्यामुळे मोडीत निघाले.

‘रॉकमन’ काय होते?

१९८० मध्ये शोल्झ यांनी स्वतःची कंपनी काढली. ‘पॉवर सोक’ हे तिचे पहिले उत्पादन होते. १९८२ मध्ये आला ‘रॉकमन’. कमरेच्या पट्ट्याला अडकवता येईल एवढा, बॅटरीवर चालणारा गिटारचा अ‍ॅम्प. एका बाजूने गिटार जोडायची, दुसऱ्या बाजूने हेडफोन लावायचे. शेंडे कापले जाण्याचा परिणाम, प्रतिध्वनी आणि एकाच वेळी अनेक गिटार वाजत असल्याचा भास, हे सगळे त्यातल्या इलेक्ट्रॉनिक सर्किटमधून मिळत असे. व्हॉल्व्ह नाहीत, स्पीकर नाही आणि खोलीभर आवाजही नाही.

सराव करण्यासाठी बनलेले हे यंत्र लवकरच मोठ्या स्टुडिओंमध्ये शिरले. ब्रिटनच्या ‘डेफ लेपर्ड’ बँडने १९८७ च्या ‘हिस्टेरिया’ या प्रचंड खपलेल्या अल्बममधील गिटारसाठी रॉकमनचा वापर केला. ज्या स्टुडिओंसमोर घरचे रेकॉर्डिंग कमी दर्जाचे ठरत होते, तेच स्टुडिओ आता घरच्या सरावासाठी बनवलेला डबा वापरू लागले. आज मोबाइल आणि संगणकावर गिटार अ‍ॅम्पची नक्कल करणारी जी अ‍ॅप आहेत, त्यांच्यामागेही हाच विचार आहे.

स्वतःच्या स्टुडिओची किंमत काय?

घरचा स्टुडिओ स्वस्त पडतो, असे सहसा सांगितले जाते. शोल्झ यांच्या बाबतीत खरा फायदा पैशांचा नव्हताच. त्यांना मिळाला तो वेळ. भाड्याच्या स्टुडिओत घड्याळ दुसऱ्याचे असते. तळघरात एकच सोलो पन्नास वेळा वाजवला तरी कोणी बिल फाडत नाही.

पण तोच वेळ पुढे त्यांच्या अंगावर आला. दुसरा अल्बम १९७८ मध्ये आला. कंपनीच्या घाईमुळे तो मनासारखा झाला नाही, अशी शोल्झ यांची भावना होती. तिसऱ्या वेळी त्यांनी घाई करण्यास नकार दिला. वर्षे जात राहिली. १९८३ मध्ये ‘एपिक’ची मूळ कंपनी असलेल्या ‘सीबीएस’ने अल्बम वेळेवर न दिल्याबद्दल दोन कोटी डॉलरचा दावा ठोकला. ‘थर्ड स्टेज’ हा अल्बम दुसऱ्या रहाटीने, ‘एमसीए’ या वेगळ्याच कंपनीकडून, १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि थेट पहिल्या क्रमांकावर गेला. १९९० मध्ये ज्युरीने शोल्झ यांच्या बाजूने कौल दिला. पण दोन अल्बममध्ये आठ वर्षे गेली होती. त्या काळात बँडमधले बहुतेक जुने सदस्य बाहेर पडले. पहिल्या अल्बममधले ‘थर्ड स्टेज’पर्यंत टिकलेले प्रमुख नाव म्हणजे गायक डेल्प. एका माणसाला परिपूर्ण वाटेपर्यंत इतरांनी थांबून राहायचे, ही या स्टुडिओची कुठल्याही बिलावर न दिसणारी किंमत होती.

घरच्या रेकॉर्डिंगचा दुसरा मार्ग कोणता?

याच काळातले अगदी उलट उदाहरण ब्रूस स्प्रिंगस्टीन यांचे आहे. जानेवारी १९८२ मध्ये न्यू जर्सीतील घराच्या शयनकक्षात त्यांनी साध्या ऑडिओ कॅसेटवर चार ट्रॅक घेणारे ‘टीअ‍ॅक’चे छोटे यंत्र आणि शुअर कंपनीचे दोन माइक वापरून काही गाणी रेकॉर्ड केली. हेतू एवढाच होता की बँडला चाली ऐकवता याव्यात. नंतर संपूर्ण बँडसह स्टुडिओत तीच गाणी करून पाहिली, पण कॅसेटवरचा एकटेपणा त्यात उतरेना. शेवटी ती कॅसेटच ‘नेब्रास्का’ या नावाने अल्बम म्हणून बाहेर पडली. शोल्झ यांच्याकडे बारा ट्रॅक आणि वर्षे होती. स्प्रिंगस्टीन यांच्याकडे चार ट्रॅक आणि थोडे दिवस. दोघांचेही रेकॉर्डिंग टिकले.

अलीकडचे उदाहरण बिली आयलिश आणि त्यांचे भाऊ फिनियस यांचे. लॉस एंजेलिसमधील आईवडिलांच्या घरातल्या झोपण्याच्या खोलीत मुख्यतः तयार झालेल्या त्यांच्या २०१९ च्या अल्बमला पुढच्याच वर्षी ग्रॅमीचा ‘अल्बम ऑफ द इयर’ पुरस्कार मिळाला. त्या वेळी कोणालाही ट्रक आणून खिडकीतून केबल सोडावी लागली नाही.

आज घरी सुरुवात करायची तर?

शोल्झ यांच्या स्कली यंत्राची जागा आता लॅपटॉपने घेतली आहे. गिटार किंवा माइकचा सिग्नल संगणकात नेणारा ‘ऑडिओ इंटरफेस’, एक बरा माइक आणि बंद कपांचे हेडफोन एवढ्यात सुरुवात होते. सेकंदाला ४८ हजार नमुने आणि २४ बिट या नेहमीच्या दर्जाने एक ट्रॅक मिनिटाला सुमारे साडेआठ एमबी जागा घेतो. म्हणजे चार मिनिटांचे बारा ट्रॅकचे गाणे साधारण ४१५ एमबीत बसते. मोबाइलवर आलेले लग्नाचे व्हिडीओ याहून जास्त जागा खातात.

नवशिक्यांची पहिली तक्रार असते ती ‘वाजवल्यावर आवाज उशिरा येतो’ ही. संगणक नमुने गठ्ठ्याने हाताळतो. गठ्ठा २५६ नमुन्यांचा ठेवला तर त्यामुळे होणारा उशीर सुमारे ५.३ मिलिसेकंद असतो. तेवढ्या वेळात हवेतून आवाज जेमतेम सहा फूट जातो, म्हणजे अ‍ॅम्पपासून सहा फुटांवर उभे राहून वाजवण्यासारखेच. इंटरफेसचा स्वतःचा थोडा उशीर त्यात मिळवला तरी बोटांना तो सहसा खटकत नाही. गठ्ठा दोन हजार नमुन्यांवर गेला की मात्र ताल सुटतो.

दुसरी तक्रार खोलीची. गोधड्या टांगल्या की स्टुडिओ तयार होतो, हा समज अर्धा खरा आहे. गोधडी, गादी किंवा कपड्यांनी भरलेले उघडे कपाट भिंतीवरून परतणारा आवाज शोषून घेते. त्यामुळे माइकवर गुहेत गायल्यासारखे वाटत नाही. पण खालच्या मजल्यावर जाणारा आवाज गोधडीने अडत नाही. तो अडवायला जड भिंत आणि फटी नसलेले दार लागते. सोसायटीच्या फ्लॅटमध्ये ते शक्य नसते. तिथे शोल्झ यांचाच मार्ग उरतो. गिटार थेट यंत्रात, आवाज हेडफोनमध्ये आणि मोकळ्या गळ्याचे गायन दिवसाउजेडी.

मग महत्त्वाचे काय?

वाद्यांची आणि यंत्रांची यादी कोणालाही मिळते. लेस पॉल आणि मार्शल ही जोडी त्या काळी शेकडो गिटारवादकांकडे होती. शोल्झ यांच्या संग्रहातली सर्वात मोलाची वस्तू कोणत्याही दुकानात नव्हती. तो होता अडचणीतून त्यांनी स्वतः बनवलेला रोधकांचा डबा. आपल्याला कोणता सूर हवा आहे हे त्यांना आधी ठाऊक होते, म्हणूनच नेमके काय आड येते आहे हेही कळत होते. आज यंत्रे स्वस्त झाली, ट्रॅक अमर्याद झाले आणि घड्याळही आपलेच झाले. त्यामुळे एकेकाळी स्टुडिओच्या भाड्यामुळे आपोआप होणारा एक निर्णय आता प्रत्येकाला स्वतः घ्यावा लागतो. गाणे पूर्ण झाले, आता थांबायचे, हा तो निर्णय. तो शोल्झ यांनाही सोपा गेला नव्हता.